तुमचं पान कुठल्या ढिगात?

साडूंनी एकवीस पत्त्यांचे तीन ढीग मांडून तिसऱ्यांदा विचारलं, “तुमचं पान कुठल्या ढिगात?” मी बोट दाखवलं. ढीग एकावर एक ठेवत त्यांनी अकरावं पान उलटलं. चौकट नव्वी. माझंच.

पान मी फक्त बायकोच्या कानात सांगितलं होतं. हिनंच खुणावलं असणार. माझी नोकरी गेल्याचंही फक्त हिलाच माहीत. तेही बहिणीला सांगून झालं असेल. हिला चहा करायला पिटाळून मी दुसरं पान मनात धरलं. तेही सापडलं.

“कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. तुम्ही दाखवलेला ढीग मी दर वेळी इतर दोघांच्या मधे ठेवतो. पान सरकत सरकत बरोबर मधोमध येतं. तुम्ही पान सांगत नाही, पण ढीग सांगता.”

बायकोवर उगाच संशय घेतला होता. साडू पत्ते गोळा करू लागले. सकाळी त्यांनी विचारलं होतं, सुट्टी किती दिवस? जेवताना, साहेब तेच का? आता सहज म्हणाले, “ऑफिसची गाडी हल्ली येत नाही वाटतं?”

दोन ढीग मी केव्हाच दाखवून बसलो होतो.