सहावी टाचणी

बायकांचे कपडे शिवण्यात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ऑपरेशन झाल्यापासून चार महिन्यांत त्यांनी स्वतःच्या बायकोला टेप लावली नव्हती. काढलेल्या स्तनाच्या जागी डॉक्टरांनी कातडीखाली एक पिशवी बसवली होती आणि दर पंधरा दिवसांनी सुईने तिच्यात थोडं थोडं पाणी भरून ते उभार वाढवत होते. जुने ब्लाउज आता बसेनात. शेवटी आज दुपारी दुकानाचं दार लावून मास्तरांनी कच्चे टाके घातलेला नवा ब्लाउज तिच्या अंगावर चढवला आणि तिला आरशासमोर उभं केलं.

"पिशवीला भोक पडलं तर परत ऑपरेशन. जरा जरी टोचलं तरी सांग," तोंडातल्या टाचण्या सांभाळत ते म्हणाले.

"सांगते ना."

एकेक टाचणी लागत गेली. तिची नजर आरशावरून हलेना.

"सारखं आरशात काय बघतेस? तीस वर्षं हेच करतोय. भरवसा नाही का माझ्यावर?"

ती आरशातच बघत राहिली.

सहा टाचण्या झाल्या. मास्तर ब्लाउज उतरवायला गेले, तर तो एका जागी सुटेचना. सहावी टाचणी वरच्यावर कातडीत घुसली होती आणि तिच्याभोवती रक्ताचा ठिपका उमटला होता. मास्तरांनी ती झटकन उपसली.

"अगं, बोलली का नाहीस?"

"त्या बाजूला काहीच कळत नाही हो. तुमचा हात लागला, तोसुद्धा आरशात बघूनच कळला मला."