सात नंबरची पाल

"अगं, तुझी सात नंबरची पाल परत आली!" आईचा फोन आला आणि लेकीने प्रयोगशाळेतलं काम तसंच टाकून घरची बस गाठली. दूर नेऊन सोडलेली पाल आपलं घर शोधत परत येते का, हाच तर तिच्या पीएचडीचा विषय! घरातल्या बारा पाली पकडून, त्यांच्या पाठीवर आईच्याच नेलपॉलिशने प्रत्येक नंबराला वेगळ्या खुणेचे ठिपके देऊन तिने त्या तीन गल्ल्या पलीकडे सोडल्या होत्या. तीन महिने झाले, एकही घरी फिरकली नव्हती. हॉस्टेलवर गेलेली लेकही नाही. सर तर विषय बदला म्हणून मागे लागले होते.

चपला न काढताच ती स्वयंपाकघरात घुसली. ट्यूबलाइटच्या मागे पाल, आणि पाठीवर त्याच खुणेचे दोन लालभडक ठिपके. सात नंबरच! तिने आईला मिठी मारली, गिरकी घेतली, धडाधड फोटो काढले. सरांना पाठवायला एक फोटो मोठा केला आणि तिचं बोट थबकलं.

"आई, पाल महिन्या-दीड महिन्यात कात टाकते गं. तेव्हाचे ठिपके अजून कसे राहतील?"

जन्मभर पाल दिसली की खुर्चीवर चढून किंचाळणाऱ्या आईने शांतपणे गॅस बारीक केला.

"अगं बाई! म्हणजे तुला घरी बोलवायचं तर दर महिन्याला पाल धरायची मी?"