फुकटची खोली

हॉटेलच्या खिडकीतून मांडवी नदीत उभी असलेली कॅसिनोची बोट दिसत होती. किणीकरसाहेब सकाळीच तिकडे गेले होते, आणि वहिनींना खोलीत चैन पडत नव्हतं. त्या पलंगावर बसत, उठत, टेबलावरच्या परडीतलं सफरचंद उचलून पुन्हा ठेवत. ही खोली, ही फळं, सगळी कॅसिनोकडून भेट. कोल्हापुरातलं दुकान या खेळापायी गेलं, तरी साहेब म्हणत, "बघ, इथं माझी कदर आहे," आणि वहिनींना ते पटायचं. मुरलेला खेळाडू असल्याशिवाय का कुणी एवढा मान देतं?

पण सकाळी खाली बेळगावचे एक गृहस्थ दिसले. काल बोटीवर त्यांनी रग्गड कमावलं होतं. ते मात्र खोलीचं भाडं स्वतःच्या खिशातून भरत होते.

"त्या बेळगावच्यांना का नाही गं खोली फुकट?" चहा घेऊन आलेल्या कॅसिनोच्या मुलीला वहिनींनी विचारलं.

"ते जिंकले की उठतात, मॅडम," मुलगी सहज म्हणाली. "अशांना खोली देऊन आम्हाला काय मिळणार? साहेब कसे, हरले तरी उठत नाहीत."

वहिनींनी कप तसाच परडीशेजारी ठेवला. तेवढ्यात साहेब धापा टाकत आत आले. "अगं, पुढच्या खेपेला आपल्याला न्यायला गाडी पाठवणार आहेत, थेट घरी!"

"येऊ दे की," वहिनी म्हणाल्या. "घरही बघून घेतील. आता तेवढंच लावायचं राहिलंय."