रत्नप्रभाआजींच्या खोलीतलं पाणी

कुर्ल्यातल्या अख्ख्या चाळीतलं पुराचं पाणी ओसरलं, पण रत्नप्रभाआजींच्या खोलीतलं काही हटेना! शेजारपाजारचे घरी परतले, तरी शाळेतल्या मदतकेंद्रात पलीकडच्या वस्तीतल्या बायकांजवळ आजींची सतरंजी तशीच. “अजून घोट्याएवढं आहे गं,” घरी डोकावून आल्या की त्या रोज सांगायच्या.

शेवटी केंद्रातली श्रुतिका पंप घेऊन त्यांच्या मागोमाग गेली. खोलीत पाणी होतं खरं, पण अगदी नितळ. दाराआड बादली निथळत होती.

“आजी, पुराचं पाणी एवढं स्वच्छ?”

“गढूळ ओतवेना गं. लादी खराब होते.”

“पण ओतायचंच कशाला?”

“शाळेत मी घोरले की कुणीतरी ओरडतं, ‘ए म्हातारे, कूस बदल!’ इथे ओरडायला कुणी नाही; सकाळपर्यंत त्याच कुशीवर असते.”