पाचवा 'का'

मुलांनो, असं समजा की सकाळचे सात वाजलेत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी लाल चिठ्ठ्यांची थप्पी आहे, आणि तुमच्या आईला आज सूड उगवायचा आहे.

त्या टेबलाशी एक मुलगी बसली होती. ती तीन वर्षं याच दिवसाची वाट बघत होती.

तीन वर्षांपूर्वी तिची आई शिड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. तिनं 'पास'चा शिक्का मारल्याशिवाय एकही शिडी फाटकाबाहेर जात नसे. मग एक शिडी एका रंगाऱ्याच्या पायाखाली मोडली. रंगारी आजही कुबडी घेऊन चालतो. साहेबांनी सगळ्यांसमोर आईकडे बोट दाखवलं. "बाई झोपल्या होत्या." दुसऱ्या दिवसापासून आई पॅकिंगला. शिड्यांच्या खोक्यांचे बोल्ट आवळत बसायची. साहेबांची मुलगी हिच्याच वर्गात होती. हिला बघितलं की ती अजूनही डोळे मिटून घोरून दाखवायची.

"माझा पाना बघितलास का गं?" आईनं पिशवी उलटी केली. "दहा नंबरचा. काल तर इथंच होता."

"नाही," मुलगी म्हणाली. तिचा एक हात फ्रॉकच्या खिशात होता.

"असू दे. आज पान्याचं काम नाही, जिभेचं आहे."

कारखान्याला आयएसओचं, म्हणजे कामाच्या दर्जाचं, सर्टिफिकेट हवं होतं. त्यासाठी नवे नियम आले होते. काही चुकलेलं दिसलं तर कोणीही त्यावर लाल चिठ्ठी बांधायची, मग ती पॅकिंगवाली का असेना. दोष दुरुस्त होईपर्यंत ती चिठ्ठी मालकानंही सोडायची नाही. आणि दोषाच्या मुळाशी जायला एकापाठोपाठ एक पाच वेळा 'का' विचारायचं. आज दहा वाजता ते तपासायला बाहेरचे ऑडिटर येणार होते. प्रत्येकानं एक जुना दोष निवडून त्यांच्यासमोर पाच 'का' मांडायचे होते. आईनं तीच शिडी निवडली होती. साहेबांना त्याचा पत्ताच नव्हता.

"हं, विचार. आणि ऑडिटर दात काढत नाहीत."

मुलीनं चेहरा लांब केला. "शिडी का मोडली?"

"पायरी धरून ठेवणारा खिळा, तो रिव्हेट, सैल होता."

"सैल का होता?"

"मशीनचा दाब कमी पडत होता. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग ती शिडी बाहेर का गेली?"

आईचे डोळे चमकले. "साहेब म्हणाले, 'गाडी उभी आहे, जाऊ दे.'"

कामगार त्यांना पाठीमागे 'जाऊ-दे साहेब' म्हणत ते उगीच नव्हे. मुलीला हसू आवरेना.

"साहेब असं का म्हणाले?"

"महिन्याचा आकडा गाठायचा होता म्हणून. एका माणसाचा पाय गेला, आणि यांचा आकडा!" आईनं कप आदळला. "बस. इथंच थांबायचं. सगळ्यांसमोर. बघू या, आता कोण झोपलं होतं ते."

मुलीला तो प्रसंग डोळ्यांपुढे दिसला. साहेबांचं खाली गेलेलं तोंड दिसलं. जिवाला गार वाटलं. पण तिला गणित अर्धं सोडवायची सवय नव्हती.

"हे चारच झाले, आई."

"चारात भागतंय."

"नियम पाचचा आहे ना?" मुलगी जरा थांबली. "शिक्का तर तुझ्या हातात होता. तू का मारलास?"

आई एकदम कडाडली, "तूसुद्धा त्यांच्यासारखीच बोलायला लागलीस!" ती उठली, पाठ फिरवून उभी राहिली. मुलीला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं.

मग आई वळली. तिनं कागद ओढून घेतला आणि पाचव्या ओळीत स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'मी घाबरले, म्हणून मारला.'

"आता साहेब सुटत नाही," ती हळू म्हणाली. "माझ्याकडे दाखवायला त्याच्याजवळ एवढंच एक बोट होतं. माझी चूक मीच लिहून तेही काढून घेतलं." मग ती खुर्चीत बसली, आणि तिचा आवाज बदलला. "पण खरं सांगू? तीन वर्षं मी साहेबांना शिव्या घातल्या. रंगाऱ्याच्या घरी एकदाही गेले नाही. तो समोरून आला की रस्ता बदलायचे. शिक्का ज्याच्या हातात, त्यानं कितीही राग असला तरी आधी विचार करायचा, वर चढणारा कोण आहे. त्याचा काय दोष?"

मुलीच्या खिशातला हात घट्ट मिटला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात वीस. साडेसातला साहेबांची मुलगी सायकल काढायची आणि बंगल्यापासून शाळेपर्यंतचा उतार पायडल न मारता, वाऱ्यासारखी उतरायची.

"आई, एक लाल चिठ्ठी घेऊ?"

"कशाला गं?"

मुलगी थांबली नाही. तिनं चिठ्ठीवर भराभर दोन ओळी खरडल्या आणि धूम ठोकली. अनवाणी, चढावर, धापा टाकत.

साहेबांची मुलगी सीटवर बसलीच होती. हिला बघताच तिनं डोळे मिटले आणि घोरायला सुरुवात केली. हिनं मिटलेली मूठ हँडलवर दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं, दात लावून, त्याला चिठ्ठी बांधली.

"हे काय? सोड!"

"उतर. ही सायकल सोडायची नाही."

साहेबांच्या मुलीनं चिठ्ठी वाचली. 'दोष: ब्रेक लागत नाही. कारण: मी.'

हिनं खिशातून आईचा दहा नंबरचा पाना काढला. मग मूठ उघडली. आज पहाटे दूध आणायला जाताना या सायकलचा काढलेला ब्रेकचा नट तिच्या तळहातावर होता. इतका वेळ आवळून धरल्यामुळे त्याचे सहाही कोन तिच्या कातडीवर उमटले होते. ती गुडघ्यांवर बसली आणि तो जागेवर बसवू लागली.