खिशातला रोटर

गेणू हात धुवायला हौदाकडं वळला, तेवढ्यात हिंदुरावांनी इंजिनावरच्या काळ्या डबीचं झाकण उघडलं, आतला रोटर उपसला आणि बंडीच्या खिशात टाकला. झाकण होतं तसं बसवलं. अंगठ्याएवढा तो तुकडा. पण इंजिनाला करंट वाटून देतो तो तोच. तो नसला की दिवसभर स्टार्टर मारत बसा, गाडी हूं की चूं करायची नाही.

मग गड्यांनी गिअरबॉक्ससकट इंजिन टेम्पोत चढवलं. गेणूचं निमगाव केतकीला जुन्या पार्टांचं दुकान. इंजिन तो घेऊन चालला होता इंदापूरकडच्या मळ्यात, मानसिंगकडं. मानसिंग हिंदुरावांचा धाकटा भाऊ. चार वर्षं झाली, दोघांत बोलणं नव्हतं.

अबोला धरला तो एका गाडीवरनं. पुण्यात एक माणूस दोन शिटांच्या स्पोर्ट गाडीचा नुसता फायबरचा सांगाडा विकायचा, बाकीचं ज्याचं त्यानं जमवायचं. नव्वद साली भावाभावांनी तसला एक लालभडक सांगाडा काटेवाडीत आणला. गाव पोट धरून हसलं. हे दोघं कुठले ऐकतायत! बारामतीपासून इंदापूरपर्यंत एक भंगारवाला सोडला नाही. फियाटचं इंजिन मिळालं. ट्रॉलीची दोन चाकं देऊन बदल्यात गिअरबॉक्स आणला. गाडी जरा आकाराला आली आणि घराची वाटणी निघाली.

वाटणीची रीत ठरलेली. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. हिंदुरावांनी जमिनीचे पाडले, भांड्यांचे पाडले आणि गाडीचेही पाडले. एका बाजूला इंजिन-गिअरबॉक्स, दुसऱ्या बाजूला सांगाडा आणि चाकं. त्यांना वाटलं, मानसिंग भडकेल, गाडी फोडायची नाही दादा म्हणेल, आणि गाडीच्या निमित्तानं घरही फुटायचं राहील. मानसिंगनं एकदा दादाकडं बघितलं आणि मुकाट्यानं सांगाडा उचलला. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीत घालून तो इंदापूरकडं गेला. एकापेक्षा एक आडमुठे, दुसरं काय.

हिंदुरावांची बायको त्याआधीच गेली होती. पुढं लेक सुप्रिया लग्न होऊन साताऱ्याला गेली. लग्नात मानसिंग आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेला. त्या दिवसापासून घर खायला उठायचं. हिंदुराव आपले इंजिनाजवळ जाऊन बसायचे. लाकडी चौकटीवर ते ठेवून आठवड्यातनं एकदा चालू करायचे. कार्बोरेटर बिघडला तर गेणूकडनं जुना बदलून आणायचे, स्वतः घासूनपुसून बसवायचे. बिनगाडीच्या इंजिनाचे एवढे लाड कशाला, लोक विचारायचे. कशाला म्हणजे? मानसिंगला कधी ना कधी ते लागणार होतं. मागायला तरी येईल, एवढीच त्यांची आशा होती.

आणि गेल्या आठवड्यात गेणूनं सांगितलं, मानसिंगराव जुनं फियाटचं इंजिन शोधतायत, हितं न्हाय मिळालं तर पुण्यासनं आणणार हायत. हिंदुरावांची पंचाईत झाली. द्यावं नाही तर तो दुसरं आणणार. द्यावं तर त्याला दाराशी यायचं कारणच उरत नाही. रात्रभर विचार करून त्यांनी गेणूलाच निरोप धाडला: आपलंच हाय, बदल्यात काही नको, घेऊन जा.

आणि रोटर ठेवून घेतला. पूर्वी बारामतीच्या बाजारात जीप लावली की चोरीच्या भीतीनं ते असाच रोटर काढून खिशात टाकायचे. मग मानसिंगला जीप लागली की आख्खा बाजार धुंडाळत दादाला गाठावं लागायचं. आताही डबी उघडल्या उघडल्या त्याला कळणार होतं, रोटर कुणाच्या खिशात आहे ते.

हिंदुरावांनी ओसरी सारवून घेतली. गवळ्याला जास्तीचं दूध सांगितलं. रोज न्याहारी झाली की रस्त्याकडं तोंड करून कट्ट्यावर बसू लागले. दोन दिवस गेले, चार गेले. आठव्या दिवशी लांबून आवाज आला. इंजिन त्यांच्या हातचं, आवाज ओळखायला कितीसा वेळ? ते उठून उभे राहिले, टोपी सारखी केली. लाल गाडी भवानीनगरच्या अंगानं आली, दारासमोर जराशी मंदावली आणि बारामतीकडं निघून गेली. मानसिंगनं मान वळवली नाही. शेजारची शीट रिकामी होती.

हिंदुरावांनी खिशात हात घातला. रोटर तिथंच होता. मग ही गाडी चालली कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं त्यांनी निमगाव गाठलं. गेणू खुशीत होता. त्यानं चहा सांगितला, पुढ्यात भाजलेल्या शेंगांची पाटी सरकवली. हिंदुरावांनी एकच विचारलं.

"गाडी चालू कशी झाली रं?"

"व्हय आबा, तीच तर गंमत. आत रोटरच नव्हता. मानसिंगराव तुमच्याकडंच निघालं हुतं, फटफटीवर, ह्या शेंगा घिऊन. वाटंत हितं थांबलं. म्या म्हणलं, एवढ्याशा तुकड्यापायी काटेवाडीपातुर कशाला जाताय, माझ्याकडं जुना पडलाय की. हेलपाटा वाचवला बघा त्यांचा."