उंदराचा उजवा कान

मोटरी तीन. दोन्ही कानांना एकेक, मानेला एक.

माइक एकच. तो उजव्या कानात.

अंगावरची लव म्हणजे वडिलांचा जुना करडा स्वेटर.

खंडेराव मार्केटातून आणलेल्या दुर्वा, ओल्या फडक्यात.

‘आई विचारतेय, गणपतीला येशील का?’ असा मेसेज सलीलने शर्वरीला पाठवला. आईने असं काही विचारलं नव्हतं.

वीज दिली की सगळ्या मोटरी आधी एकदम दचकतात. मग स्थिर होतात.

शर्वरी आली.

ती पुण्याला गेली त्याला दोन वर्षं झाली होती. भांडण असं काही झालं नव्हतं. नवराबायकोतलं बोलणं कमी कमी होत गेलं आणि एक दिवस तिने बदली मागून घेतली. सलील तेव्हाही गप्प राहिला. गोरवा भागातल्या एका कारखान्यात तो दाबमापकं तपासतो. तिथे काटा बोलतो, माणसाला बोलावं लागत नाही.

यंदा त्याने गणपतीसमोर हलता उंदीर बसवला होता. मांजराएवढा, हात जोडलेला. कानाशी कुणी कुजबुजलं की कान फडफडायचे आणि मान हळूच खाली झुकायची. किती आवाजाला कान हलावेत हे ठरवण्यासाठी त्याने माइकची एक तार आतल्या खोलीत लॅपटॉपपर्यंत नेली होती. पडद्यावर आवाजाची रेघ उमटायची. शब्द नाहीत, नुसती रेघ. ते काम कधीच संपलं होतं. तार त्याने काढली नव्हती.

शर्वरीने उंदराकडे काही मागितलं, तर आपण तिला विचारायचं, राहतेस का. नाही मागितलं, तर नाही विचारायचं. एवढं त्याने ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरती झाली. शेजारच्या हंसाबेन प्रसाद घेऊन उंदराच्या उजव्या कानाशी वाकल्या. कान फडफडले. ‘सलीलभाई, आ तो खरेखर सांभळे छे,’ म्हणत त्या मागे सरकल्या.

‘ऐकतोय कसला,’ सलीलची आई प्रेमलाबाई खुर्चीतून म्हणाल्या. ‘काल माझ्या गुडघ्यांचं सांगितलं. मान डोलावली मेल्याने, आणि आज जिना काही चढवत नाही. शर्वरी, तू सांगून बघ गं. तुझं ऐकेल.’

शर्वरीने सलीलकडे पाहिलं. ‘खरंच ऐकतो का रे हा?’

‘शब्द कळत नाहीत त्याला. कुणीतरी बोलतंय, एवढंच कळतं.’

‘म्हणजे तुझ्यावर गेलाय.’

प्रेमलाबाई हसल्या. सलीलही हसला आणि आतल्या खोलीत गेला.

उंदराच्या उजवीकडे प्रेमलाबाईंची खुर्ची होती, म्हणून शर्वरी डावीकडे बसली. उंदराला मागणं सांगताना त्याचा दुसरा कान झाकायचा असतो, नाहीतर सांगितलेलं तिकडून निघून जातं. लहानपणापासून ती तसंच करत आली होती. तिने उजव्या कानावर तळहात घट्ट धरला आणि डाव्या कानात बोलू लागली. बराच वेळ बोलली. मध्येच थांबली, ओढणीने नाक पुसलं, तळहात सारखा केला आणि पुन्हा बोलली. उंदराचे कान फडफडले. मान झुकली. ती समाधानाने मागे झाली.

आत सलील रेघ बघत होता. शब्दांना टोकं असतात, मध्ये खाचा असतात. हंसाबेनची रेघ करवतीसारखी आली होती. ही तशी नव्हती. ही एक लांबट, बोथट टेकडी होती. नुसती फुंकर मारली की अशी टेकडी येते, हे त्याला ठाऊक होतं. माइकवर तळहात घासला तरी अशीच येते, हे त्याने कधी तपासलं नव्हतं.

फुंकर, तो मनात म्हणाला. कान हलताना बघायला.

त्याने तार उपटली आणि गुंडाळून ठेवली.

दुपारी नवलखीच्या तलावावर विसर्जन झालं. घरी आल्यावर शर्वरी रिकामा पाट पुसत बसली. पाट कधीच कोरडा झाला होता, तरी पुसत होती. प्रेमलाबाईंचा बसल्या जागी डोळा लागला होता.

‘झाला गणपती,’ ती म्हणाली. ‘आता?’

‘आता काय. तुला उशीर नको व्हायला. रिक्षा बोलावू?’

तिने पाट भिंतीला टेकवून उभा केला. तो घसरला. तिने पुन्हा नीट लावला.

‘बोलाव.’

बॅग त्यानेच खाली नेली. दीड दिवसाच्या मानाने ती फार जड होती. जिन्याच्या वळणावर त्याला हात बदलावा लागला. शर्वरीला पहिल्यापासून जास्तीचे कपडे घ्यायची सवय आहे, असं त्याला वाटलं. रिक्षावाल्याला तिने ‘स्टेशन’ सांगितलं आणि बॅग मांडीवर ओढून घेतली.

‘येते,’ ती म्हणाली.

सलीलने मान डोलावली.

रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत तो फाटकात उभा होता. मग वर आला. आई जागी झाली होती. ‘गेली?’ तिने विचारलं. ‘हो,’ तो म्हणाला आणि उंदराची वीज बंद केली.

पुण्याहून निघताना शर्वरीने परतीचं तिकीट काढलं नव्हतं.